चीनमधली हाउस चर्चेस सरळ रजिस्टर का होत नाहीत?

निखिल_दे
बरेच दिवस एक प्रश्न डोक्यात घोळतोय म्हणून विचारतो. चीन सरकारने मान्य केलेले पाच धर्म आहेत आणि त्यात प्रोटेस्टंट, कॅथलिक दोन्ही येतात (तिथे हे दोन वेगळे धर्म धरतात). नानजिंगच्या अ‍ॅमिटी प्रेसमध्ये बायबलच्या कोट्यवधी प्रती छापल्या जातात, शहरांत मोठमोठी चर्चेस उघडी आहेत. मग इतके लोक नोंदणी न करता कुणाच्या तरी फ्लॅटमध्ये दारंखिडक्या लावून उपासना का करतात (हीच ती हाउस चर्चेस)? नोंदणी करून मोकळं व्हायला अडचण काय? खरंच समजून घ्यायचंय, वाद घालायचा नाहीये.

वृषाली
निखिल, फॉर्म भरला आणि झालं असं ते नाहीये रे. प्रोटेस्टंटांसाठी नोंदणी म्हणजे व्यवहारात 'थ्री सेल्फ' या सरकारमान्य चळवळीच्या छत्राखाली जाणं. आपला कारभार आपण, आपला खर्च आपण, आपला प्रचार आपण, ही ती तीन तत्त्वं. ही कल्पना मुळात १९व्या शतकातल्या मिशनऱ्यांचीच, की स्थानिक मंडळीने (म्हणजे चर्चच्या समुदायाने) परदेशी पैशावर कायम अवलंबून राहू नये, त्यामुळे तत्त्वाला विरोध असायचं कारणच नव्हतं. १९५० मध्ये वू याओझोंग वगैरे चिनी ख्रिस्ती नेत्यांनी नव्या कम्युनिस्ट सरकारला पाठिंबा देणारा जाहीरनामा काढला आणि १९५४ मध्ये संघटना रीतसर उभी राहिली. बीजिंगचे पाळक (चर्चचे धर्मगुरू) वांग मिंगदाओ तिच्यात गेले नाहीत. त्यांची मंडळी आधीपासूनच स्वतःच्या पायावर उभी होती, परदेशी मिशनशी संबंध नव्हता, म्हणजे तीनही तत्त्वं ते पाळतच होते, तरी १९५५ मध्ये अटक झाली आणि पुढे आयुष्याची वीसहून जास्त वर्षं तुरुंगात गेली. मला हा माणूस कळला तेव्हा तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळालं.

मग १९६६ ला सांस्कृतिक क्रांती सुरू झाली आणि थ्री सेल्फच्या चर्चेसनासुद्धा कुलूप लागलं. १९७९ मध्ये ती परत उघडायला लागेपर्यंत जी काही उपासना झाली ती घरात, पाठ असलेल्या वचनांवर आणि हाताने उतरवून काढलेल्या पानांवर. ज्यांचा विश्वास अशा घरांत तगला त्यांना नंतर म्हटलं की आता परवानगी घ्या, तर त्यांना ते कसं पटेल?

एस_एम_पाटील
वृषालीताईंनी इतिहास सांगितला, मी एक उदाहरण देतो कारण नोंदणीचा प्रयत्न खरंच झालेला आहे. बीजिंगचं शौवांग चर्च, शिकलेली, नोकरदार माणसं, लपूनछपून काही करायचं नाही असं ठरवून त्यांनी नोंदणीसाठी अर्ज केला. तो फेटाळला, कारण पाळकांकडे थ्री सेल्फची मान्यता नव्हती. बरं, २००९ मध्ये वर्गणीच्या पैशातून त्यांनी एका बिल्डिंगमध्ये जागा विकत घेतली, पैसे भरले पण चावी काही मिळाली नाही. भाड्याने जागा घ्यावी तर मालकावर दबाव. शेवटी एप्रिल २०११ पासून बीजिंगच्याच झोंगग्वानचुन भागात उघड्यावर जमायला लागले आणि दर रविवारी पोलीस लोकांना उचलून न्यायचे. २०१९ मध्ये चर्चवर बंदीच आली. त्यामुळे "नोंदणी करत नाहीत" हे अर्धंच खरं, थ्री सेल्फच्या बाहेर राहून नोंदणीचा रस्ताच नव्हता.

मीनल_आर
नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही तीन वर्षं शांघायला होतो म्हणून थोडं लिहिते. सरकारी चर्च म्हणजे खोटे ख्रिश्चन असं जे सर्रास बोललं जातं ते ऐकून मला मनापासून वाईट वाटतं. आम्ही नोंदणी असलेल्या चर्चमध्ये जायचो, अर्धा तास आधी गेलं नाही तर मुख्य हॉलमध्ये जागा नाही, मग बाजूच्या खोलीत टीव्हीवर उपदेश बघायचा. माझ्या शेजारी कायम एक आजी असायच्या, मोठ्या अक्षरांचं बायबल, कव्हरला शिवलेली कापडी पिशवी, आणि भाषा येत नसताना माझ्यासाठी दर वेळी गीताचं पान उघडून द्यायच्या. त्या आजींचा विश्वास कमी कसा म्हणायचा?

आणि नोंदणी केली म्हणजे सुटलात असंही नाही हो. झेजियांग प्रांतातल्या वेनझोऊ शहरात ख्रिश्चन इतके की लोक त्याला चीनचं जेरुसलेम म्हणतात. तिथलं सानजियांग चर्च थ्री सेल्फचंच, लोक दिवसरात्र पहारा देत बसले होते तरी एप्रिल २०१४ मध्ये पाडलं, आणि त्यानंतर दोनेक वर्षांत झेजियांग प्रांतात हजाराहून जास्त क्रूस उतरवले. हांगझोऊच्या चोंगयी चर्चचे पाळक गू युएसे, नोंदणीकृत मंडळीतलं प्रांतातलं मोठं नाव, त्यांनी याला विरोध केला तर जानेवारी २०१६ मध्ये पदावरून काढलं आणि ताब्यात घेतलं.

निखिल_दे
हे माहीतच नव्हतं. मी आत आणि बाहेर अशा दोनच बाजू धरून चाललो होतो. सगळ्यांचे आभार. मग आता बाहेरच्यांचं काय चाललंय?

एस_एम_पाटील
फेब्रुवारी २०१८ मध्ये धर्माबाबतचे नवे नियम लागू झाले, त्याच वर्षी सरकारचं धर्माचं खातं थेट कम्युनिस्ट पक्षाच्या युनायटेड फ्रंट विभागाखाली (पक्षाबाहेरच्या गटांवर लक्ष ठेवणारा विभाग) गेलं आणि आधी जी थोडी डोळेझाक व्हायची ती संपली. डिसेंबरमध्ये चेंगडूच्या अर्ली रेन मंडळीवर धाड पडली, पाळक वांग यी यांना पुढच्या वर्षी ९ वर्षांची शिक्षा झाली. बीजिंगच्या झायन चर्चला हॉलमध्ये कॅमेरे लावा म्हणून सांगितलं होतं, त्यांनी नाही म्हटलं, सप्टेंबर २०१८ मध्ये चर्च बंद. तरी ती मंडळी मोडली नाही, ऑनलाइन गेली आणि उलट इतर शहरांत पसरली. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यांचे पाळक जिन मिंगरी यांना ग्वांगशीतल्या बेहाईमध्ये पकडलं आणि त्याच सुमाराला इतर शहरांतूनही झायनच्या बऱ्याच जणांना उचललं.