बी.कॉम. शेवटचं वर्ष, अनुभव फक्त मामाच्या दुकानातला. बायोडेटात काय लिहू?

नमस्कार दादा-तायांनो,

मी अंबडची, जालन्याला बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. परीक्षा झाली की नोकरी धरायचीच आहे. टॅली आणि एमएस-सीआयटी झालंय. घोडं अडतंय ते 'अनुभव' या रकान्यावर. तिथं 'नाही' लिहिलं, तर दोन ठिकाणी तेवढं बघूनच बायोडेटा परत दिला.

पण दोन खरीप मी मामाच्या कृषी सेवा केंद्रात काढलेत. मृग बरसला की सकाळी आठपासून गर्दी. युरियाची गोणी द्यायची तर पॉस मशीनवर आधार नंबर आणि अंगठा लागतो. म्हाताऱ्या माणसांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, मशीन घेतच नाही. मग बोट पुसायचं, दुसरं लावून बघायचं, मागच्या रांगेची समजूत घालायची. रात्री मशीनमधला साठा आणि गोदामातल्या गोण्या जुळल्याशिवाय शटर पडत नाही. एकदा चार गोण्यांचा फरक निघाला, तो तीन दिवसांची बिलं चाळून मीच शोधला. उधारीची वहीही माझ्याकडंच. जूनची उधारी कापूस विकल्यावर फिटते, तोवर कुणाकडं किती थकलंय हे मामा मलाच विचारायचे.

हा अनुभव नाही का? पगार नव्हता, त्यामुळं कागद काहीच नाही. मामा लेटरहेडवर लिहून द्यायला तयार आहेत, पण सख्ख्या मामाचं पत्र कुणी धरेल का? मुलाखतीत विचारलं तर नातं मी लपवणार नाही.

दुसरं, मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ मध्ये सुरू झाली तेव्हा पदवीधराला महिना १०,००० रुपये विद्यावेतन होतं, पण शिक्षण चालू असलेल्यांना ती नव्हती. त्यातून कुणी काम केलंय का? पुढं नोकरीला त्याचा उपयोग झाला का? की सीएच्या ऑफिसात कमी पगारावर जीएसटीचं काम शिकावं? मला मनातून हेच बरं वाटतंय.

संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या कंपनीत नोकरी लावतो म्हणून एकाचा फोन आला होता, आधी १,५०० रुपये भर म्हणाला. मी भरले नाहीत. पप्पा तेव्हापासून वाळूजचं नावच काढू देत नाहीत. तिथल्या बजाजनगरला खोली करून राहणाऱ्या मुली इथं असतील तर खर्चाचं आणि येण्याजाण्याचं जरूर लिहा, मला पप्पांना वाचून दाखवायचंय.

रविवारी मामाकडं जातेय. पत्रात नेमका काय मजकूर घ्यावा, तेवढं त्याआधी कुणी सांगितलं तर फार बरं होईल.