अर्जाआधीचं 'सहज बोलणं': तुम्ही काय तयारी करता?

जाहिरातीच्या तळाशी कधी कधी एक ओळ असते: अधिक माहितीसाठी अमुक यांच्याशी अनौपचारिक बोलता येईल. विद्यापीठं, इस्पितळं, सामाजिक संस्था यांच्या जाहिरातींत ती बऱ्याचदा दिसते. खासगी कंपन्यांत तेच 'एकदा कॉल करू या का' असं येतं. बहुतेक जण ती ओळ वाचून सरळ अर्जाकडे वळतात. ज्यांनी फोन उचलला, त्यांनी इथे लिहा. 'आत्मविश्वासाने बोला' छापाचे सल्ले मात्र नकोत. काय वाचलंत, काय विचारलंत, समोरून काय आलं, ते सांगा.

सुरुवात मीच करते. माझं काम डेटा अ‍ॅनालिसिसचं. जाहिरात छापून घेते आणि प्रत्येक वाक्यापुढे खूण करते: हे येतं, हे येत नाही, याचा अर्थच लागत नाही. प्रश्न फक्त तिसऱ्या गटातून काढायचे. एका जाहिरातीत 'विविध विभागांशी समन्वय' असं होतं. मी विचारलं, रोज कोणाशी आणि कशाबद्दल? उत्तर आलं, आठवड्याचा निम्मा वेळ इतरांकडून आकडे मिळवण्यातच जातो. जाहिरातीत याचा मागमूस नव्हता! मग अर्जात मॉडेलबिडेल मागे ठेवलं आणि आडमुठ्या विभागांकडून माहिती कशी काढली होती, ते वर आणलं.

*

मी नर्स आहे. आमच्याकडे फोनपेक्षा वॉर्ड बघायला जाणं चांगलं. दोनच प्रश्न नेले होते. रात्रपाळीला किती पेशंटमागे किती जणी? आणि नवीन आलेलीबरोबर जुनी सिस्टर किती दिवस असते? दुसऱ्याचं उत्तर लगेच मिळालं. पहिल्यावर इन्चार्ज बाई हसल्या आणि 'आम्ही सगळ्या एका कुटुंबासारख्या आहोत' म्हणाल्या. अर्ज केला नाही.

*

मी टेबलाच्या पलीकडे बसतो, म्हणून थोडं लांबवतो. हे बोलणं अनौपचारिक असलं तरी आम्ही ते विसरत नाही. काही संस्थांत त्याला गुण द्यायचे नाहीत असा नियम असतो, पण माणूस डोक्यात राहतोच. जाहिरातीत ठळक लिहिलेलं विचारणारे लगेच ओळखू येतात. 'कंपनीचं वातावरण कसं आहे?' याला मी काय सांगणार, छानच म्हणणार. त्याऐवजी एका मुलीने विचारलं, 'आधीची व्यक्ती गेल्यावर कोणतं काम अडून राहिलंय?' मी दहा मिनिटं बोलत होतो, आणि बोलता बोलता मलाच कळलं की आम्ही जाहिरात चुकीची लिहिली आहे.

आतलं कोणी इच्छुक आहे का, हेही विचारा. सगळ्यांना खरं सांगता येत नाही, पण उत्तर देताना घेतलेला वेळ बरंच सांगतो. आणि वीस मिनिटं मागितली असतील तर विसाव्या मिनिटाला 'वेळ झाली, थांबू का?' म्हणा. बहुतेक वेळा समोरचाच बोलणं वाढवतो. न मागता रेझ्युमे पाठवू नका. मग ती भेट राहत नाही, चाळणी होते.

*

ऑफिसचा मेल, ऑफिसचं कॅलेंडर, ऑफिसचा लॅपटॉप यांपैकी काहीही वापरू नका. बाकी वरच्यांशी सहमत.

*

संशोधन क्षेत्रातून. प्रयोगशाळेचे अलीकडचे पेपर वाचाच, पण पहिल्या लेखकांची (पेपरवर ज्यांचं नाव सर्वांत आधी असतं त्यांची) नावंही टिपून ठेवा आणि ते आता कुठे आहेत ते शोधा. प्रमुखांशी बोलण्याआधी तिथून बाहेर पडलेल्या कोणाशी तरी बोलणं जमलं तर सोनं. ओळख नाही म्हणून संकोचू नका. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्येच दाखवलं होतं की नोकरीची माहिती जिवलगांपेक्षा अधूनमधून भेटणाऱ्या ओळखीच्यांकडून जास्त येते. जवळच्यांना आपल्याला ठाऊक असतं तेच ठाऊक असतं. मी एका माजी विद्यार्थ्याला चार ओळींचा मेल टाकला होता. प्रमुख मसुदे वाचायला किती वेळ लावतात, हे मला त्याच्याकडूनच कळलं.

*

मी स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, वापरते. माझा प्रश्न ठरलेला: तुमच्या आतल्या प्रणाली फक्त कीबोर्डवर चालतात का? 'माहीत नाही, पण आयटीला विचारून कळवतो' हे मला आवडणारं उत्तर. 'काही अडचण येणार नाही' हे एवढ्या झटकन आलं, तर विचार केलेला नाही असं समजते. दृष्टीबद्दल आधीच सांगावं का यावर मैत्रिणींत वाद होतात. मी या फोनवरच सांगते. समोरच्याचं तोंड वाकडं झालं तर एक फोनच वाया जातो, अर्ज, परीक्षा आणि मुलाखत नाही.

*

पगार विचारायचा की नाही? मला कायम अवघडल्यासारखं होतं.

*

विचारा, पण 'या जागेसाठी किती ते किती ठरवलंय?' असं. आपला सध्याचा आकडा सांगू नका. हे विचारणं आता आगाऊपणाचं राहिलेलं नाही. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात २०२१ पासून जाहिरातीतच पगार छापावा लागतो. युरोपीय संघाच्या २०२३ च्या निर्देशानुसार तो मुलाखतीआधी कळायला हवा आणि उमेदवाराला जुना पगार विचारायचा नाही. मी मात्र हा प्रश्न शेवटी ठेवतो. कामाबद्दल काहीच न विचारता पगारावर आलं की समोरचा आवरतं घेतो.

*

फोन ठेवल्या ठेवल्या त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहून काढा, संध्याकाळपर्यंत आपण त्यांना आपल्या भाषेत फिरवलेलं असतं. आभाराचा मेल दोन ओळींचा. माझ्या अर्जातलं पहिलं वाक्य असं होतं: 'आपल्याशी बोलताना कळलं की पहिले सहा महिने जुन्या नोंदी लावण्यातच जाणार आहेत, ते काम मी केलेलं आहे.' मुलाखतीतला पहिला प्रश्न त्यावरच आला.