मदत हवी आहे: बाहेरून येणारी ताजी हवा आधीच कोमट कशी करावी?

गारठलेला
बाहेर उणे १० अंश झालं की ताज्या हवेचा झोत अंगाला बोचतो. विजेचा हीटर नको. जमिनीत नळी पुरून हवा तिच्यातून आणू की दक्षिणेच्या भिंतीवर सौर पत्रा ठोकू? लवकर सांगा, खोदाईवाला खोळंबलाय.

सूर्यफूल
सौर पत्राच! बारीक भोकांचा काळा पत्रा, मागे पोकळी, पंखा तिथूनच हवा ओढतो. आमचा मस्त चालतोय.

नळीवाले काका
आणि पहाटे? खरा गारठा तेव्हाच असतो, तुमचा पत्रा तेव्हा झोपलेला. नळीच घाला. दीड-दोन मीटर खोल, ३०-४० मीटर लांब, उतार २ टक्के, तळाशी पाण्याचा निचरा.

मोजपट्टी
उष्णता परत मिळवणारं युनिट, म्हणजे बाहेर जाणाऱ्या हवेची ऊब आत येणाऱ्या हवेला देणारं, आहे का? हवा ताशी किती?

गारठलेला
आहेच की! ८५ टक्केवालं, ताशी १५० घनमीटर. नळीचा व्यास सांगा ना.

मोजपट्टी
हे आधी सांगायचं हो! घरात २० असेल तर उणे १० ची हवा युनिटमधून साधारण साडेपंधराची होऊन यायला हवी. बोचते म्हणजे आत बर्फ धरतोय, नाहीतर फिल्टर तुंबलाय. नळीने हवा २ अंशांवर आणली तर ०.३४ (एक घनमीटर हवा एक अंश तापवायला लागणारे वॅट-तास) × १५० × १२, म्हणजे सुमारे ६१० वॅट. पण त्यातले ८५ टक्के युनिट एरवीही परत मिळवतंच. निव्वळ फायदा ९० वॅटच्या आसपास. नळीचा खरा उपयोग बर्फ टाळायला.

सूर्यफूल
म्हणजे खड्डा खणून दिव्याएवढी बचत :D

नळीवाले काका
बर्फ काढायला युनिट दर थोड्या वेळाने हवा बंद करतं, ते नाही मोजलंत!

पानगळ
उन्हाळ्यात नळीत गारवा मिळतो, पण तिच्या आतल्या भिंतींना पाणी सुटतं, बुरशी धरते. ओल्या मातीत कितपत टिकेल?

मोजपट्टी
रेडॉन हा किरणोत्सारी वायूही आहे. सांधे हवाबंद नसतील तर तो जमिनीतून आत येतो. त्यापेक्षा ग्लायकॉल (न गोठू देणारा द्रव) घातलेल्या पाण्याचा बंद पाइप पुरा आणि युनिटच्या आधी, त्या पाण्याने हवा तापवणारी कॉइल बसवा. हवेचा मातीशी संबंधच नको. पंपाला थोडी वीज लागेल.

गारठलेला
फिल्टर पाहिला, काळाकुट्ट. बदलतो. पण खोदाईवाल्याला काय सांगू?

नळीवाले काका
खणायला सांगा!

मोजपट्टी
अजिबात नको. आधी कडक थंडीच्या रात्री युनिटमधून आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या हवेचं तापमान टिपून इथे टाका.