सुभद्रेचा रंग कोणी ठरवला?

ऐरोलीची_गायिका
आमच्या घरात आजही आगरीच बोलली जाते. 'संगीत सौभद्र'च्या नव्या प्रयोगासाठी एका हौशी संस्थेने वाशीत ऑडिशन ठेवली होती, तेथे मी 'वद जाऊ कुणाला शरण' हे पद म्हटले. या पदात शरण, हरण, चरण असे एकामागून एक 'ण' येतात आणि आमच्याकडे 'ण'चा सर्रास 'न' होतो, म्हणून महिनाभर मी तेवढेच घोटले होते. गाणे आवडले, उच्चारांवरही कोणी बोट ठेवले नाही. तरीही "सुभद्रा म्हणून तुम्ही डोळ्यांसमोर येत नाही" असे सांगून मला दासीची भूमिका देऊ करण्यात आली. मी सावळी नव्हे, चांगली काळी आहे. इंग्लंडमध्ये कृष्णवर्णीय नट हॅम्लेट करतात असे वाचते. मग आपल्या जुन्या नाटकांची संहिता खरोखरच असा काही रंग मागते का?

नौपाड्याचा_प्रेक्षक
संहिता मागत नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८२ मध्ये सौभद्र रंगभूमीवर आणले आणि त्यातली सुभद्रा गाजवली ती भाऊराव कोल्हटकरांनी. ज्या प्रेक्षकाने पुरुषाला सुभद्रा मानले, त्याच्या पणतवंडांना काळी मुलगी चालणार नाही हे कशावरून ठरवतात, ते गडकरी रंगायतनला इतकी वर्षे नाटके पाहूनही मला कळलेले नाही. शिवाय कृष्ण नावानेच काळा, आणि विराटपर्वात अर्जुन उत्तराला आपली दहा नावे सांगतो त्यांत वर्णावरून वडिलांनी ठेवलेले 'कृष्ण' हेही एक आहे. भाऊ काळा, नवरा काळा; गोरेपणाचा आग्रह तेवढा सुभद्रेकडे!

इंग्लंडमध्येही हे सुखासुखी झालेले नाही. आयरा ऑल्ड्रिज या कृष्णवर्णीय नटाने १८३३ मध्ये कोव्हेंट गार्डन नाट्यगृहात ऑथेल्लो, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकातला कृष्णवर्णीय सेनापती, केला, तेव्हा लंडनच्या काही वृत्तपत्रांनी त्याच्यावर झोड उठवली. त्यानंतर १९६४ मध्येसुद्धा लॉरेन्स ऑलिव्हिए हा गोरा नट तोंड काळे रंगवूनच ती भूमिका करीत होता. रॉयल शेक्सपिअर कंपनीत पहिला कृष्णवर्णीय हॅम्लेट उभा राहायला २०१६ साल उजाडले.

रंगपटातला_जुना
मी रंगभूषाकारांच्या हाताखाली बरीच वर्षे काढली आहेत. काळ्या मुलीला प्रमुख भूमिका मिळालीच, तर तिला दोन छटा उजळ बेस लावायला सांगतात. चेहरा उजळतो, पण कानामागची जागा आणि मनगटे राहून जातात, आणि दुसऱ्या अंकापर्यंत घामाने गळ्याशी सरळ रेघ उमटते, जी पहिल्या पाच रांगांना स्वच्छ दिसते. भूमिका मिळाली, तर ही अट आधीच नाकारा.

कोपरीचा_दिग्दर्शक
वरील तुलना मला पूर्णपणे पटत नाही, कारण तिकडच्या वंशभेदामागे गुलामगिरीचा इतिहास आहे आणि आपल्याकडे रंगाच्या आडून बहुतेक वेळा जात आणि बोली बोलत असते. तिकडेही एकमत नाही. ऑगस्ट विल्सन या कृष्णवर्णीय अमेरिकन नाटककाराने १९९६ मध्ये रंग न पाहता पात्रे निवडण्याच्या प्रथेलाच विरोध केला, कारण गोऱ्यांच्या नाटकांत जागा मागण्यापेक्षा आपली नाटके आणि आपली नाट्यगृहे उभी राहावीत असे त्याचे म्हणणे होते. आगरी बोलीत जोरकस नाटक करता येईल, त्याचाही विचार करावा. मात्र दिग्दर्शक म्हणून कबूल करतो की, "डोळ्यांसमोर येत नाही" हे वाक्य मीही वापरले आहे, आणि तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर कॅलेंडरवरचे चित्र होते.

ऐरोलीची_गायिका
सर्वांचे आभार. आगरी नाटक मी आनंदाने करीन, परंतु सुभद्रा नाकारली म्हणून करणार नाही. दासीची भूमिका मी आजच कळवून सोडली आहे. ठाण्यातील दुसऱ्या एका संस्थेची ऑडिशन पुढील महिन्यात आहे. तोपर्यंत आठवड्यातून दोन संध्याकाळी ऑर्गनची साथ करणारे कोणी ठाणे-ऐरोली पट्ट्यात असतील, तर कृपया कळवावे. माझी पट्टी काळी चार आहे.