मदत हवी आहे: जपानमधल्या ओमोते-गिंझा या डोंगरवाटेच्या खडकाळ तंबूतळांवर काठ्यांवरचा तंबू टिकतो का?

सप्टेंबरच्या मध्यात दोघं नाकाबुसा ओनसेनहून एनझान्सो, निशिदाके, यारीगाताके असे तीन मुक्काम करून यारिसावा दरीने कामिकोचीला उतरणार आहोत. पाणी हटवर (डोंगरातल्या निवासांवर) विकत घेऊ, स्टोव्हचा गॅस विमानात चालत नाही म्हणून मात्सुमोतो शहरात. यारीचा तळ भरला तर खाली सेश्शो ह्युत्ते या हटच्या तळावर.

अडलंय ते तंबूवर. एक ट्रेकिंगच्या काठ्यांवर उभा राहतो, 900 ग्रॅम. दुसरा स्वतःच्या सांगाड्यावर, 1.7 किलो. वाटेतल्या हिगाशी-कामा डोंगरधारेवर शिड्या-साखळ्या आहेत, तिथे पाठीवरचे 800 ग्रॅम जाणवतातच. पण वर सगळी खडी नि दगड, खुंटी शिरत नाही. इथे माळावर करून पाहिलं: 2 मिमीची दोरी थेट दगडाला बांधली, तर रात्रीतून धारेवर घासून वेष्टन सोललं. खुंटी आडवी टाकून तिच्यामागे लहान, वर मोठा दगड ठेवला तेव्हा धरली. मात्र काठ्यांवरच्या तंबूच्या सहा दोऱ्यांना जागा फार लागते.

हटमध्ये झोपायचं नाही; वादळाचा अंदाज असेल तर वर जाणारच नाही. तिथे तंबू लावलेल्यांनी सांगा: निशिदाके आणि यारीच्या जागांवर सहा दोऱ्या पसरतात का, आणि पुरेसे मोठे मोकळे दगड हाताशी मिळतात का?