मदत हवी आहे : उड्डाण-चाचणीच्या टेलिमेट्रीत स्पेक्ट्रमची बचत नेमकी कशाने मोजावी?

नमस्कार. मी पुण्यात इलेक्ट्रॉनिक्स व दूरसंचार शाखेत एम.टेक.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. लष्करी विमानांच्या चाचणी-उड्डाणात विमानावरून जमिनीवर येणाऱ्या टेलिमेट्रीला (रेडिओने पाठवलेल्या मोजमापांना) अपुरा स्पेक्ट्रम, म्हणजे रेडिओ वारंवारतांची मर्यादित जागा, कसा पुरवावा, हा माझ्या प्रबंधाचा विषय आहे. प्रत्यक्ष उपकरणे हाताशी नाहीत. अमेरिकेतील आयरिग १०६ हे टेलिमेट्रीचे खुले मानक समोर ठेवून सगळे काम सिम्युलेशनवर चालले आहे, आणि त्यात एका जागी मी अडले आहे.

तिकडे या कामासाठी प्रामुख्याने १४३५ ते १५२५, २२०० ते २२९० आणि २३६० ते २३९५ मेगाहर्ट्झ हे पट्टे आहेत. शेवटचा पट्टा पूर्वी २३१० पासून सुरू होत असे, पण नव्वदच्या दशकात त्यातले ५० मेगाहर्ट्झ उपग्रह रेडिओ आणि व्यापारी वायरलेस सेवांकडे गेले. २००७ च्या जागतिक रेडिओसंचार परिषदेनंतर त्याहून वरच्या वारंवारतांच्या सी-बँडमध्ये जागा मिळाली खरी, तरी विमानावरचे सेन्सर आणि व्हिडिओ वाढल्यामुळे दर सेकंदाला पाठवायचे बिटही वाढतच गेले.

ट्रान्समीटरचा अँप्लिफायर पूर्ण ताकदीने, म्हणजे सॅच्युरेशनमध्ये, चालवायचा असल्याने ज्यांचा आयाम स्थिर राहतो अशीच मॉड्युलेशने (लहरीवर बिट चढवण्याच्या पद्धती) येथे सोयीची ठरतात. दहा मेगाबिट प्रतिसेकंद या दराला जुन्या पीसीएम-एफएम या मॉड्युलेशनची ९९ टक्के बँडविड्थ (सिग्नलची ९९ टक्के शक्ती मावेल एवढी रुंदी) सुमारे ११.६ मेगाहर्ट्झ होते, नव्यांपैकी एसओक्यूपीएसके-टीजीची ७.८ आणि एआरटीएम-सीपीएमची ५.६. मधली मोकळी जागा न धरता २३६० च्या ३५ मेगाहर्ट्झ पट्ट्यात अनुक्रमे तीन, चार आणि सहा विमाने बसतात. येथपर्यंतचे गणित सरळ आहे.

अडचण पुढे आहे. विमान दूर आणि क्षितिजाजवळ असले की थेट येणाऱ्या लहरीबरोबर जमिनीवरून परावर्तित झालेली लहरही अँटेनापर्यंत पोहोचते. अमेरिकी हवाई दलाच्या एडवर्ड्स या चाचणी-तळाजवळच्या कोरड्या तलावासारख्या सपाट जमिनीवर हे परावर्तन जोरदार होते. दोन लहरींत १०० नॅनोसेकंदांचा फरक धरला, तर दर १० मेगाहर्ट्झवर सिग्नलमध्ये खोल खड्डा पडतो. माझ्या सिम्युलेशनमध्ये हा खड्डा सिग्नलवरून सरकत गेला की एआरटीएम-सीपीएमचा डिमॉड्युलेटर (सिग्नलमधून बिट परत काढणारा भाग) ताल सोडतो आणि पुन्हा जुळायला पीसीएम-एफएमपेक्षा बराच जास्त वेळ घेतो. या दराला १० मिलिसेकंद वाया गेले तर एक लाख बिट जातात, आणि नेमक्या तेवढ्याच वेळात फडफड (फ्लटर) चाचणीतला, म्हणजे पंखांची कंपने तपासणाऱ्या चाचणीतला, महत्त्वाचा क्षण येऊन जाऊ शकतो.

यावर उपाय म्हणून मी एसओक्यूपीएसकेला एलडीपीसी हा चुका दुरुस्त करणारा कोड जोडला. कोडचा दर, म्हणजे एकूण बिटांतला मूळ माहितीचा वाटा, दोन-तृतीयांश ठेवला, तर दहाचे पंधरा मेगाबिट होतात आणि बँडविड्थ ११.७ मेगाहर्ट्झवर जाते. सिंक्रोनायझेशनचे बिट त्याहून वेगळे. म्हणजे पीसीएम-एफएम सोडून वाचवलेली सगळी जागा कोडनेच परत घेतली. दर चार-पंचमांश ठेवला तर ९.७५ वर थांबते, पण मग खोल खड्ड्यात कोड तग धरत नाही. विमानाच्या वर-खाली लावलेल्या दोन अँटेनांसाठीचे स्पेस-टाइम कोडिंग (दोन्हींवरून एकच माहिती वेगवेगळ्या रूपात पाठवणे) त्या मानाने स्वस्त वाटते, कारण दर ३२०० बिटांमागे १२८ पायलट बिट (रिसीव्हरला आधीच माहीत असलेले बिट), म्हणजे फक्त चार टक्के वाढ. मात्र ते अँटेनांचा आपसातला संघर्ष मिटवते, जमिनीवरून येणारा खड्डा बुजवत नाही.

म्हणून माझे मत असे होत चालले आहे की, दर हर्ट्झमागे किती बिट पाठवले यापेक्षा संपूर्ण उड्डाणात दर हर्ट्झमागे किती बिट शाबूत हाती आले, हेच माप धरावे. परंतु हे माप विमानाच्या मार्गावर अवलंबून असल्याने ते सर्वसाधारण कसे करावे, ते मला सुचत नाही. निरनिराळ्या उंचीचे कोन धरून सरासरी काढावी, की सर्वांत वाईट काही सेकंदांचाच हिशेब ठेवावा? शिवाय दोन दूरच्या स्टेशनांवर खड्डे सहसा एकाच वेळी पडत नाहीत आणि दोन्हीकडचे चांगले बिट निवडून एक प्रवाह तयार करता येतो; हा फायदा मॉड्युलेशनच्या खात्यावर जमा करणे योग्य होईल का?

रडार, उपग्रह किंवा ड्रोन संपर्काच्या क्षेत्रात काम केलेल्यांनी, गोपनीय असे काही न सांगता, आपण असे माप कसे ठरवता एवढे कळवले तरी माझे पुष्कळ काम होईल. दोन-लहरींच्या मॉडेलमध्ये परावर्तनाचा गुणांक ०.९ धरला आहे. तो कोरड्या, सपाट जमिनीसाठी फार जास्त वाटत असेल तर तेही कृपया सांगावे.