झुंबा की मधली सुट्टी? कॉलेजच्या आरोग्य समितीत अडकलेय, सल्ला द्या

जुईनगरची_मावशी

नमस्कार मंडळी. नेरूळच्या एका डिग्री कॉलेजात मी केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये सहायक आहे, १९ वर्षं झाली. गेल्या आठवड्यात प्राचार्यांनी आरोग्य समिती नेमली आणि शिक्षकेतरांमधून माझं नाव घातलं. बहुधा बैठकीत चहा कोण सांगणार हा प्रश्न सुटावा म्हणून. खर्चाला ४० हजार रुपये. पहिल्या बैठकीत ठरलं काय, तर एक दिवस झुंबा, एक दिवस तपासणी शिबिर, बॅनर आणि पाहुण्यांना शाल-श्रीफळ.

माझं दुखणं वेगळंच आहे. या सत्रात लॅबमध्ये चार मुलं चक्कर येऊन खाली बसली. चौघांनाही मी एकच विचारलं, "सकाळपासून काय खाल्लंस?" एकाने चहा-बिस्किट, तिघांनी काहीच नाही. सगळी बदलापूर-टिटवाळ्याकडची पोरं. गर्दीच्या आधीची गाडी धरायची म्हणून पहाटे निघतात, ठाण्याला उतरून पूल चढून दहा नंबर फलाटाकडे पळतात, नवी मुंबईकडे येणारी ट्रान्सहार्बर लोकल पकडतात. पिशवीत आईने दिलेला डबा असतो हो! पण लेक्चर, लेक्चर, लगेच प्रॅक्टिकल. डबा उघडतो दोन वाजता, तोवर बर्नरपुढे उभं. लॅबबाहेरच्या माझ्या कपाटात शेंगदाण्याची चिक्की कायम असते, माझ्याच पैशाची.

शिबिर गेल्या वर्षीही झालं होतं. मुलींचं हिमोग्लोबिन तपासलं, फोटो निघाले. रिपोर्टांचा गठ्ठा अजून ऑफिसच्या कपाटात आहे, कुणाला वाटलाच नाही.

सोमवारी पुन्हा बैठक आहे. समोर सगळे पीएचडी, मी बारावी सायन्स. काय मागू?

तिरकस_तात्या

झुंबा ठेवाच. अट एकच, पहिल्या रांगेत व्यवस्थापन.

तलावपाळी_टीवाय

मावशी, तुम्ही खाण्याचं म्हणालात, मी पिण्याचं सांगते. आमच्या मजल्यावरच्या लेडीज टॉयलेटच्या दाराला कडी नाही. जोडीने जायचं, एकीने बाहेर दार धरून उभं राहायचं. त्यापेक्षा घरी जाईपर्यंत पाणीच प्यायचं नाही, असं आम्ही बऱ्याच जणी करतो. मला मागच्या वर्षी युरिन इन्फेक्शन झालं, डॉक्टरांनी पहिलं हेच विचारलं. एक इंटर्नल बुडाली. आणि कूलरवर पोस्टर काय, तर "भरपूर पाणी प्या"!

निवृत्त_सिस्टर_वाशी

तो गठ्ठा आधी कपाटातून काढा. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर तो मुलींमध्ये ॲनिमिया धरतात. प्रत्येकीला बंद पाकिटात द्या, नावं नोटीस बोर्डावर लावू नका (एके ठिकाणी लावलेली पाहिली आहेत, म्हणून सांगते). ज्यांचं कमी आहे त्यांना डॉक्टरकडे पाठवा. महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रातही लोहाच्या गोळ्या मिळतात. गोळी चहाबरोबर घेऊ नये, चहामुळे लोह अंगी लागत नाही. जेवणावर लगेच चहा नको, तोही याच कारणाने. लिंबू पिळलेली उसळ चालेल, उत्तम चालेल.

सीएचबी_सर_कळवा

माझा मुद्दा कडवट वाटेल. या समित्यांमध्ये "कर्मचारी" म्हणजे कायम झालेले. मी तासिका तत्त्वावर (सीएचबी) दोन कॉलेजांत शिकवतो. सुट्टीत पैसे नाहीत, मानधन चार-चार महिने थकतं, घसा बसला तरी तास बुडवून परवडत नाही. गेल्या शिबिरात मी रांगेत उभा राहिलो, तर यादीत नावच नव्हतं. तुमच्या यादीत आमच्यासारखे, सफाईवाले आणि सिक्युरिटीचे आहेत का, तेवढं बघा.

खारघरची_समुपदेशक

ताई, बारावी सायन्सचा संकोच सोडा. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. शिवाय वर्षातून दोनदा प्रशिक्षण, आणि ते शिक्षकेतरांनाही. म्हणजे तुम्हालाही. बैठकीत एवढं वाचून दाखवलंत तरी खोली शांत होईल.

पण नेमणुकीने भागत नाही. मला पहिली खोली मिळाली ती परीक्षा विभागासमोर, दाराला काच. सहा महिने चिटपाखरू फिरकलं नाही. मग ग्रंथालयामागची अडगळीची खोली मागून घेतली आणि पोरं यायला लागली. तिथे सगळ्यात आधी कोण आलं माहितेय? निकालाच्या दिवसांत रात्री आठपर्यंत बसणारा परीक्षा विभागातला क्लार्क.

टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर वर्गात, कँटीनमध्ये, टॉयलेटच्या दाराच्या आतून लावा. फुकट आहे, २४ तास चालतो, मराठीत बोलता येतं. दाराच्या आतून अशासाठी, की तिथे नंबर उतरवून घेताना कुणी बघत नाही. अर्थात आधी त्या दाराला कडी हवी!

जुईनगरची_मावशी

सगळ्यांचे आभार. बैठक झाली. वरचं सगळं वहीत उतरवून नेलं होतं, बोलताना आवाज कापला पण बोलले.

झुंबा राहिला, शाल-श्रीफळ गेलं. टॉयलेटच्या कड्या त्याच संध्याकाळी बसल्या; गड्याने अर्ध्या तासात काम उरकलं. आमच्याकडेही दोन मजल्यांवर नव्हत्या आणि मला १९ वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. स्टाफचं टॉयलेट वेगळं ना. रिपोर्ट पाकिटांत घालून वाटतेय. सीएचबी सर, तुमचा मुद्दा मांडला. यादीत नावं घालायला तयार झाले, मानधनावर मात्र कुणी तोंड उघडलं नाही. समुपदेशकाचं "व्यवस्थापनापुढे ठेवतो" म्हणाले, ते मी तारखेसकट वहीत लिहून घेतलंय.

मधली सुट्टी अडली. टाइमटेबलवाले सर म्हणतात, अर्धा तास सोडला तर शेवटची बॅच साडेपाचपर्यंत जाते आणि मुलींना गाडीला गर्दी लागते. खोटं नाही ते. सध्या प्रॅक्टिकलच्या आधी पंधरा मिनिटं मिळालीत, महिनाभर करून बघायचं.

चिक्कीलाही मंजुरी मिळाली. आता अकाउंट्सवाले विचारतायत, बिल कोणत्या हेडखाली टाकू? "रसायने व काचसामान"मध्ये बसत नाही म्हणे.